हरकत कुणाची

"उद्या बाही दुमडू नको, आनंदा. मोकळीच सोड," उमाशंकर म्हणाला आणि मोटारीची काच वर करून निघून गेला.

धम्मानंद गेट धरून तसाच उभा राहिला. मोटारीमागची धूळ खाली बसली, रस्त्यापलीकडचं कुत्रं उठून सावली बदलून पुन्हा झोपलं, तरी गेट ओढून घ्यायचं त्याला सुचलं नाही. हात गेल्यापासून रोज सकाळी रूपाली त्याच्या शर्टाची उजवी बाही कोपराच्या वर दुमडून पिन लावायची. पिन लावताना ती त्याच्याकडं बघायची नाही, तोही तिच्याकडं बघायचा नाही. नवराबायकोत कितीतरी गोष्टी न बोलता होतात, त्यांतली ही एक. मिलमधल्या माणसांनाही आता त्या दुमडलेल्या बाहीची सवय झाली होती, ट्रकवाल्यांना झाली होती, आणि त्याला वाटत होतं की मालकालाही झाली असेल. पण मालक मोटारीत बसून त्या बाहीचा विचार करत होता. दुमडलेली असली तर सभेत मागच्या रांगेतून दिसणार नाही, लोंबती असली तर दिसेल. त्यानं नीट विचार करून हे सांगितलं होतं. बाजारात डाळीचा नमुना दाखवताना तो दाणे तळहातावर पसरून धरायचा, तसं. धम्मानंदच्या नसलेल्या बोटांना खाज सुटली. ती अशीच कधीही सुटायची, आणि खाजवायला काहीच नसल्यामुळं तो दात आवळून उभा राहायचा.

कारखान्यांतल्या सुरक्षेचे नियम बदलणार होते. मसुदा तयार झाला होता आणि तो पक्का करण्याआधी लोकांचं म्हणणं ऐकायचं होतं, म्हणून लातुरात सभा ठेवली होती. कुणीही यावं, हरकत असेल तर सांगावी, सूचना असेल तर द्यावी. उमाशंकरनं दुपारच्या सुट्टीत सगळ्यांना पोत्यांवर बसवून हे समजावून सांगितलं होतं. आता कसं आहे, तो म्हणाला होता, साहेब लोक कव्हाबी येतात, न सांगता येतात, काम बंद पडतं, तुमचा रोज बुडतो. नव्या नियमात लहान कारखान्याच्या मालकानं आमच्याकडं सगळं नीट आहे असं स्वतः लिहून दिलं की झालं. तपासायला यायचं असलं तरी आधी कळवून यायचं. म्हणजे तुमचाच फायदा. तिथं कुणी विचारलं तर हात वर करायचा. आणि मग पोत्यांच्या गर्दीतून धम्मानंदकडं बघून म्हणाला होता, "आनंदा बोलेल. आनंदानं बोललं की बस." तो त्याला कधीच धम्मा म्हणायचा नाही, धम्मानंदही म्हणायचा नाही. मिलमध्ये लागला त्या दिवशीच नावाचा पुढचा भाग गळून पडला होता. त्यात त्यानं काही वाईट वाटून घेतलं नव्हतं. नाव मोठं होतं, माणसं घाईत होती, असंच त्यानं स्वतःला सांगितलं होतं.

सकाळी रूपालीनं इस्त्रीचा पांढरा शर्ट काढून दिला. तिनं सवयीनं पिन हातात घेतली आणि तो "राहू दे" म्हणाला. ती थांबली. तीसुद्धा याच मिलमध्ये निवडणीला बसायची. काल पोत्यांवर तीही होती.

"काय बोलायचं ते ठरवलं का?" तिनं विचारलं.

"त्यात काय ठरवायचं. मालकानं टाकलं न्हाई म्हणायचं."

"मग खरंच न्हाई टाकलं. खोली दिली, गेटवर बसवलं. दुसरीकडं कुणी उभं केलं असतं का?" तिनं पिन परत डबीत टाकली. "नीट बोला. तोंड पाडून उभं राहू नका."

ती बोलली ते खरं होतं, म्हणूनच त्याला तिचा राग आला. सभेला नेणाऱ्या टेम्पोत उभा असताना वाऱ्यानं बाही उडून शेजारच्या माणसाच्या तोंडावर आपटत होती. तो माणूस दर वेळी ती हळूच बाजूला सारत होता, पाहुण्याच्या घरातल्या पडद्यासारखी. धम्मानंदनं शेवटी बाहीचं टोक दातांत धरलं. नव्या कापडाची चव कडू होती. हात गेला त्या दिवशीचं त्याला फार आठवायचं नाही. आठवायचा तो आवाज. तूर वर चढवणाऱ्या पट्ट्याचा आवाज एकसारखा असतो, दोन वर्षं त्या आवाजात काम केलं की तो ऐकूच येत नाही, आणि मग एकदम तो बदलला, जड झाला, आणि तो आपल्यामुळं बदलला आहे हे कळायला त्याला क्षणभर वेळ लागला. पुलीवरची जाळी तेव्हा काढून ठेवलेली असायची. जाळी असली की भुसा अडकतो, भुसा काढायला पट्टा थांबवावा लागतो, पट्टा थांबला की सगळंच थांबतं. मुकादम म्हणायचा, चालू पट्ट्यात हात घालून काढून घे. सगळेच तसंच काढायचे. दुखलं ते फार नंतर. आधी फक्त सगळीकडं भुसा होता, डोळ्यांत, तोंडात, आणि कुणीतरी ओरडत होतं ते आपणच का, हे त्याला अजून नक्की माहीत नाही. मग दवाखाना, आणि उशाशी म्हातारे गुरुपादप्पा, उमाशंकरचे वडील. कपाळावर विभूतीचे पट्टे आणि हातात सफरचंदांची पिशवी. "लेकरा, मी हाय," म्हणत होते. म्हाताऱ्याचे डोळे खरंच भरले होते. त्यामुळंच सगळं अवघड होऊन बसलं होतं. ते रडले नसते तर बरं झालं असतं.

सभा एका मंगल कार्यालयात होती. आदल्या दिवशी तिथं लग्न झालं असावं. व्यासपीठामागं सुकत चाललेल्या झेंडूची चौकट तशीच होती आणि हवेत मसालेभाताचा वास होता. चौकटीच्या बरोबर मध्ये, जिथं काल नवरानवरी बसली असतील तिथं, खात्याचे साहेब बसले होते आणि मसुदा वाचत होते. पुढच्या रांगांत मिलवाले, मागं टेम्पोतून आणलेली माणसं, एका बाजूला निवडणीच्या बाया. मसुद्यातला एक शब्द धम्मानंदला कळत होता आणि तीन निसटत होते. त्याला ऐकायचंही नव्हतं. तो आपलं वाक्य मनात घोळवत होता आणि त्या वाक्याचा त्याला हळूहळू वीट येत होता. उमाशंकर आधी बोलला, चांगलं बोलला. पुण्यात शिकलेला होता. मालक आणि कामगार एका घरची माणसं आहेत, घरात येताना पोलीस कशाला, असं काहीतरी म्हणाला आणि टाळ्या पडल्या. साहेबांनी चष्मा पुसला आणि कुणाची हरकत आहे का, म्हणून विचारलं.

"माझी आहे," असा आवाज बायांच्या मागून आला. आवाज ओळखीचा होता. मान वळवण्याआधीच धम्मानंदला कळलं की ती अक्का आहे.

धम्मप्रिया त्याच्याहून मोठी. नांदेडला सरकारी दवाखान्यात नर्स होती आणि आई तिच्याजवळच राहायची. हात गेल्यावर तिला कोर्टात जायचं होतं आणि त्यानं तडजोडीवर सही केली होती, डाव्या हातानं, लहान पोरासारखी वाकडीतिकडी. गेटची नोकरी आणि गेटजवळची खोली. ती म्हणाली होती, तू हात विकलास. तो म्हणाला होता, हात माझा व्हता. त्यानंतर दोघं बोलले नव्हते. आईचा फोन यायचा तेव्हा मागं तिच्या पावलांचा आवाज यायचा आणि दोघंही, म्हणजे तो आणि आई, तो आवाज ऐकला नाही असं दाखवायचे. आणि आता ती माइकपाशी उभी होती, जांभळी साडी, खांद्याला पर्स, आणि अर्जावर लिहितात तसल्या भाषेत बोलत होती.

"मी धम्मप्रिया. माझा भाऊ डाळमिलमध्ये कामाला होता. पट्ट्याच्या पुलीवर जाळी नव्हती. त्याचा उजवा हात कोपराच्या वरून काढावा लागला. मी नर्स आहे, मी असे हात दर महिन्याला बघते. मालकानं सगळं नीट आहे असं लिहून दिलं तर ते बघायला कोण येणार? त्या मिलच्या मालकानंसुद्धा हेच लिहून दिलं असतं."

ती "हात" म्हणत होती तेव्हा सगळ्यांच्या माना इकडं तिकडं हलत होत्या. धम्मानंदला वाटलं आपले कपडे कुणीतरी भर सभेत काढतं आहे. मालकानं बाही मोकळी सोडायला सांगितली होती, आणि हिनं ती हातात धरून सगळ्या सभागृहात फिरवली होती. दोघांनाही तोच हात हवा होता. जो नव्हता तो. त्याच्या जिवंत हाताकडं, घामानं भिजलेल्या, मांडीवर मुठीत आवळलेल्या डाव्या हाताकडं, कुणी बघत नव्हतं.

"बाई, तुम्ही कोणत्या मिलमध्ये कामाला आहात?" पुढच्या रांगेतून एकजण म्हणाला. "आणि भाऊ कुठाय तुमचा? तो नाही आला बोलायला?"

हशा पिकला. उमाशंकर उठला. त्याच्या चेहऱ्यावर खरंच दुःख झाल्यासारखं होतं. "भाऊ इथंच आहे, साहेब. आनंदा, ऊठ."

तो उठला. माइकपर्यंत जाताना बाही खुर्च्यांच्या पाठींना लागत गेली. अक्का बाजूला झाली आणि माइक त्याच्यासाठी खाली केला, नकळत, सवयीनं. तिचं ते नकळत करणंच त्याला सहन झालं नाही.

"हात माझा गेला," तो म्हणाला. "हिचा न्हाई. मी कुणाला बोलाव म्हणलं नव्हतं. दवाखान्यात माझ्या उशाला अप्पा बसले व्हते. ही नांदेडास्नं आली, फोटो काढले, वकिलाचा नंबर दिला अन् ड्युटीला निघून गेली. आज मी गेटवर हाय, राहायला खोली हाय, बायको कामाला हाय. मालकानं टाकलं न्हाई. आपल्या माणसानं टाकलं."

टाळ्या पडल्या. शेवटचं वाक्य त्यानं ठरवलं नव्हतं, ते आपोआप आलं होतं आणि येताना गोड लागलं होतं. खरं असं होतं की अक्का रजा काढून राहिली होती, जखम धुवायला तो दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हता म्हणून तीच धुवायची, आणि धुताना तोंडानं काहीतरी गुणगुणायची, लहानपणी त्याचं डोकं धुताना गुणगुणायची तसं. हे त्याला टाळ्या चालू असतानाच आठवलं. त्यानं तिच्याकडं बघितलं. तिचा चेहरा रडवेला नव्हता. दवाखान्यात नातेवाईक अंगावर धावून येतात तेव्हा ती अशीच उभी राहत असणार.

"नोंद करा, साहेब," ती म्हणाली. "त्याचंही करा, माझंही करा."

बाहेर टेम्पो वळून येईपर्यंत ती त्याला नळाजवळ सापडली, की तो तिला सापडला. ती ओंजळीनं पाणी पीत होती. पाणी पिऊन तिनं पदरानं तोंड पुसलं.

"जाळी बसवली का रे?"

"तुला काय करायचंय?"

"बसवली का न्हाई, एवढंच विचारायलेय."

"मी गेटवर असतो. आत जात न्हाई."

"बरं," ती म्हणाली आणि स्टँडकडं चालू लागली. मागं वळून बघितलं नाही. आईचा निरोप नाही, काही नाही. तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर त्याला टेम्पोत हलकं वाटलं असतं.

टेम्पोत सगळे त्याच्या पाठीवर थापा मारत होते. काय बोललास रे, बाईचं तोंडच बंद केलं. रूपाली समोर बायांत उभी होती आणि बाहेर बघत होती. खोलीवर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "मी नीट बोला म्हणलं व्हतं. अक्काला कामून ओढलं त्यात?" आणि स्टोव्हला पंप मारायला लागली. म्हणजे तिलाही नको होतं. सकाळी हीच म्हणत होती तोंड पाडू नका म्हणून. त्याला वाटलं या खोलीत, या गेटवर, या सगळ्या लातुरात आपल्या बाजूचं एकही माणूस नाही, आणि ज्यांनी टाळ्या वाजवल्या ते तर मुळीच नाहीत. तेवढ्यात उमाशंकरचा निरोप आला. परवा नांदेडलाही सभा आहे. तिथंही असंच बोलायचं. मोटारीतून जाऊ.

दुसऱ्या दिवशी तो आत गेला. जायचं ठरवलं नव्हतं. ट्रकची पावती द्यायची होती, ती कुणाच्याही हाती देता आली असती. हात गेल्यापासून तो पट्ट्यापर्यंत गेलाच नव्हता, आणि जाताना त्याला वाटलं होतं की भीती वाटेल, घाम फुटेल. तसं काही झालं नाही. सगळं लहान वाटलं, एवढंच. भुशाचा तोच गोडसर, घशात बसणारा वास, उन्हाच्या तिरिपीत तरंगणारी तीच पिवळी धूळ. पुली उघडी फिरत होती. जाळी होती, नाही असं नाही. अपघातानंतर साहेब आले तेव्हा नवी करून बसवली होती, हिरवा रंग दिलेली. ती आता भिंतीला टेकवून ठेवली होती आणि तिच्या आकड्यांना बायांच्या डब्यांच्या पिशव्या अडकवल्या होत्या. एक पिशवी रूपालीची होती.

पट्ट्यापाशी व्यंकटी होता. वयानं मोठा, त्याच्याच गल्लीतला, बुद्धविहाराच्या वर्गणीला घरोघर फिरणारा शांत माणूस. त्यानं चालू पट्ट्याखाली हात घातला, भुशाचा गोळा काढला आणि बाजूला टाकला.

"जाळी कामून काढली?" धम्मानंद ओरडला. आवाजावर आवाज चढवावा लागत होता.

"भुसा अडकतो बाबा. तुला म्हाईत न्हाई का?"

"हात जाईल ना मायला!"

व्यंकटीनं हात पँटीला पुसला आणि त्याच्याकडं बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता, नवल होतं. "तूच तर काल म्हणलास समदं बरं हाय म्हणून. साहेबापुढं म्हणलास. मी टाळ्या वाजवल्या." आणि तो पुन्हा वाकला. "जा, गेटवर जा. ट्रक थांबलाय."

धम्मानंदला त्या क्षणी व्यंकटीला मारावंसं वाटलं. खरंच, डाव्या हातानं त्याच्या मानेवर फटका द्यावा आणि म्हणावं, मी तसं म्हणलो नव्हतो. मी मालकानं टाकलं नाही म्हणलो. पट्ट्याचं काही बोललोच नव्हतो. पण दिवसभर गेटवर बसून तो ते वाक्य उलटसुलट करत राहिला, आणि दर वेळी व्यंकटीचंच बरोबर निघत होतं. ट्रक येत होते, जात होते. रूपाली सुटून आली, पिशवी खुंटीला लावली. त्या पिशवीकडं बघत तो जेवला. तिला काही बोलला नाही. बोलला असता तर भांडण झालं असतं आणि भांडणात ती म्हणाली असती, मग कुठं अडकवू?

नांदेडला जाताना उमाशंकरनं त्याला पुढं बसवलं. मोटार गार होती. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, उमाशंकर फोनवर बोलत होता, मध्येच त्याला चहा पाजत होता, गाडीबिडी लागली तर सांग म्हणत होता. तो वाईट माणूस नव्हता. धम्मानंदनं सगळ्या वाटेत त्याच्यात एक वाईट गोष्ट शोधली, ठळक, हातात धरता येईल अशी, आणि ती सापडली नाही. मग त्याचा सगळा राग अक्काकडं वळला. आज ती येणार. तिचंच गाव. आज ती तयारी करून येणार, वकील घेऊन येणार, कदाचित आईलाही आणील, पारूबाईला, चष्मा लावून पहिल्या रांगेत बसवील. बसव. आईसमोरही बोलेन. गोदावरीचा पूल ओलांडताना त्यानं मनातल्या मनात तिला सगळं ऐकवून टाकलं, लातुरात राहून गेलेलंसुद्धा. तिच्या नोकरीचं, तिच्या शिक्षणाचं, ते शिक्षण व्हावं म्हणून त्याची शाळा सुटली होती त्याचं. पूल संपला तेव्हा त्याचा श्वास चढला होता.

नांदेडच्या हॉलमध्ये फुलं नव्हती, वास नव्हता, नुसत्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या. तेच साहेब, तोच चष्मा. धम्मानंद मागं वळून वळून बघत होता. जांभळी साडी दिसेना, कुठलीच दिसेना. दार वाजलं की त्याची मान वळायची. चहावाला यायचा. मसुदा वाचून झाला, उमाशंकर तेच बोलला, टाळ्या त्याच जागी पडल्या. मग त्याचं नाव पुकारलं. तो गेला आणि बोलला, शब्द न् शब्द तोच. "हिनं फोटो काढले" म्हणताना त्यानं बाजूला हात केला, आणि तिथं कुणी नव्हतं. लोक त्याच्या हाताच्या दिशेनं बघायला लागले. कुणीतरी फिसकन हसलं. "आपल्या माणसानं टाकलं" हे वाक्य माइकमधून बाहेर पडलं आणि कुणाच्याच अंगाला लागलं नाही. तो खाली येऊन बसला. त्याला अक्काचा असा संताप आला की डोळ्यांपुढं पिवळं दिसायला लागलं. यायचं नव्हतं तर लातूरला कशाला आली? एकदा बोलून मोकळी झाली. आता हे सगळं मी एकट्यानं ऐकत बसायचं?

"हरकत कुणाची आहे का?" साहेबांनी विचारलं.

पंख्याचा आवाज येत होता. पुढच्या रांगेतले लोक घड्याळं बघत होते. मागं कुणाचा तरी फोन वाजून बंद झाला. तो वाट बघत होता, अजूनही, दार उघडेल म्हणून.

"नसेल तर इथं कुणाचीही हरकत नाही, असं लिहितो," साहेब म्हणाले. त्यांच्या बोलण्यात काही नव्हतं, ते नुसतं विचारत होते. समोरच्या कागदावर त्यांनी पेन टेकवलं.

"हाय," धम्मानंद म्हणाला.

तो उभा होता. कधी उठला ते त्याला कळलं नव्हतं. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं.

"तुम्ही तर आत्ताच बोललात."

"व्हय. बोललो. तरी हरकत हाय."

"कशाला हरकत आहे?"

अक्काचं ते अर्जासारखं बोलणं त्याला येत नव्हतं. मसुद्यातलं काही आठवत नव्हतं. शेजारी उमाशंकरनं त्याच्या शर्टाची कड धरली होती, हळूच, बाहेरून कुणाला दिसणार नाही अशी.

"आमच्या मिलमधी पुलीवरची जाळी काढून ठेवलीय," तो म्हणाला. "काल बघितली. तिला डबे अडकवलेत. न सांगता कुणी येईल अशी धास्ती असली तरच ती बसते. सांगून आल्यावर काय, ते येईपर्यंत बसवतील, गेले की काढतील. अन् नुसतं लिहून द्यायचं असलं तर तेवढीबी बसायची न्हाई." पुढं आणखी काही असायला हवं असं सगळ्यांना वाटत होतं, त्यालाही. "एवढंच," तो म्हणाला.

"आनंदा, खाली बस," उमाशंकर म्हणाला. "साहेब, त्याची तब्येत बरी नसते. अपघातापासून."

"नाव सांगा," साहेब म्हणाले.

"धम्मानंद."

"मघाशी आनंद असं लिहिलंय."

"ते चुकलंय."

साहेबांनी खोडलं आणि लिहिलं. मग पुढच्या रांगेतून एकजण मोठ्यानं म्हणाला, "असली माणसं घेऊन येताच कशाला?" आणि ते उमाशंकरला उद्देशून होतं, त्याला नव्हे. त्याला कुणीच काही बोललं नाही. बाहेर पडताना खुर्च्यांवरची माणसं पाय आखडून घेत होती.

मोटारीपाशी उमाशंकर किल्ली हातात खेळवत उभा होता. तो ओरडला नाही. "अप्पांना काय सांगू मी?" म्हणाला. "तुझ्यासाठी देवाला अभिषेक केला होता त्यांनी." त्यानं दार उघडलं, आत बसला आणि काच थोडी खाली घेतली. "बसनं ये. आणि गेटवर नको येऊस." मोटार गेली. धम्मानंदनं जमेल तशी बाही खांद्यावर टाकली, ती पुन्हा खाली आली.

तो स्टँडकडं चालत असताना रूपालीचा फोन आला. मोटारीआधी बातमी लातूरला पोचली होती.

"खोली खाली करायला सांगितलीय. मुकादम दारात उभा हाय," ती म्हणाली. मागं मिलचा आवाज येत होता. "काय झालतं तुमाला? तिथं अक्काबी नव्हती म्हणतेत. मग कुणावर राग काढला?"

"तुझा डबा जाळीला अडकवला व्हता."

"मग?" ती किंचाळली. "समद्यांचाच असतो! आता कुठं जाऊ मी सामान घेऊन, सांगा!" आणि तिनं फोन ठेवला. ती बरोबर बोलत होती. या दोन दिवसांत त्याच्यावर चिडलेला प्रत्येक माणूस बरोबर बोलत होता.

अक्काचं घर त्याला नीट माहीत नव्हतं, एकदाच आला होता. विचारत विचारत गेला. ऊन उतरलं होतं, गल्लीत बाया पाणी मारत होत्या. लोखंडी जाळीचं दार होतं आणि आत अक्का दवाखान्याच्या पांढऱ्या कपड्यांत, नुकतीच आल्यासारखी, केस सोडत होती. तिनं त्याला बघितलं आणि केस तसेच हातात धरून दाराशी आली. कडी काढली नाही.

"कशाला आलास?"

"सभेला आली न्हाईस."

"ड्युटी होती."

एवढंच होतं. सकाळपासून त्यानं तिच्या न येण्याची काय काय कारणं रचली होती, आणि ती ड्युटीवर होती. आतून आईनं "कोण हाय गं?" म्हणून विचारलं.

"मी हरकत घेतली," तो म्हणाला. "नोकरी गेली. खोलीबी."

ती बघत राहिली. तिच्या तोंडावर आनंद दिसेल की काय अशी त्याला भीती वाटत होती. तसा दिसला असता तर तो तिथूनच परत फिरला असता.

"माझ्यासाठी बोललास का?"

"न्हाई."

"लातूरला जे बोललास त्याचं वाईट वाटलं म्हणून?"

त्यानं विचार केला. खोटं बोलणं सोपं होतं, आणि तिला ते कदाचित आवडलंही असतं. "न्हाई," तो म्हणाला. "तव्हा तुझा रागच आला व्हता. आत्ताबी हाय."

"मलाबी हाय," ती म्हणाली. "तू म्हणलास मी टाकलं. ते मी इसरणार न्हाई." तिचा आवाज बारीक झाला होता, पण ती नजर हलवत नव्हती. "रूपाली कुठाय?"

"तिथंच. सामान भाईर काढायला लावलंय तिला."

"एकटीला?" अक्का म्हणाली, आणि या एका शब्दात ती इतकी चिडली की केस सुटून तोंडावर आले. "फोन लाव तिला. म्हणावं शेवटची बस मिळते, भांडी राहू दे, निघून ये." मग तिनं कडी काढली. दार उघडलं, पण ती दारातून बाजूला झाली नाही. त्याला तिच्या खांद्याला घासूनच आत जावं लागलं.